शालेय बँडमधला चांगला ट्यूबावादक कशामुळे घडतो?

पौडरस्ता

नमस्कार. माझी लेक यंदा आठवीत आहे. तिच्या शाळेत पितळी वाद्यांचा बँड आहे आणि गेली दोन वर्षे ती त्यात कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे छोटे वाद्य) वाजवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर बँडच्या सरांनी मला भेटायला बोलावले आणि तिला ट्यूबावर, म्हणजे बँडमधल्या सर्वांत खालचे स्वर देणाऱ्या मोठ्या पितळी वाद्यावर, घेण्याची इच्छा बोलून दाखवली. आधीचा वादक दहावीत गेल्यामुळे ती जागा रिकामी झाली आहे, आणि 26 जानेवारीच्या संचलनापूर्वी ती भरणे आवश्यक आहे. सरांनी कारण एवढेच सांगितले की, हिचा कान चांगला आहे आणि ती घाई करत नाही.

घरी मात्र दोन मते आहेत. सासूबाईंना काळजी वाटते की, साडेचार फूट उंचीच्या मुलीने जवळजवळ दहा किलोचे वाद्य कसे पेलावे. ह्यांचे म्हणणे असे की, कॉर्नेटवर हाताशी आलेली चाल सोडून मागच्या रांगेत जाऊन बसण्यात तिचे नुकसान आहे. लेक स्वतः उत्सुक आहे, परंतु उत्सुकता किती दिवस टिकेल याचा अंदाज या वयात येत नाही. म्हणून इथल्या जाणकारांना विचारते आहे. शाळकरी वयातला चांगला ट्यूबावादक नेमका कशामुळे चांगला ठरतो? अंगकाठीमुळे, फुप्फुसांमुळे, कानामुळे, की आणखी कशामुळे?

खडकीकर

ताई, मी सैन्याच्या बँडमध्ये 22 वर्षे ट्यूबा वाजवला. आमच्यात त्याला ट्यूबा असे फारसे कोणी म्हणत नसे, बेसच म्हणत. माझे शिक्षण पंचमढीला, सैन्याच्या संगीत विभागात झाले. त्या काळात आमच्या तुकडीतला सर्वांत चांगला बेसवादक हा सर्वांत सडपातळ मुलगा होता, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे सासूबाईंची काळजी थोडी कमी होईल.

या वाद्याला जोर लागतो हा समज सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. ट्रम्पेटच्या वरच्या स्वरांना हवा थोडी लागते, पण तिचा दाब मोठा लागतो. ट्यूबाच्या खालच्या स्वरांना हवा भरपूर लागते, दाब मात्र अगदी कमी पुरतो. म्हणून इथे फुंकर मारायची नसते, मोकळा उसासा सोडायचा असतो. नव्या मुलाला मी वाद्य देण्यापूर्वी तळहात तोंडासमोर धरायला सांगतो आणि चष्म्याची काच पुसण्याआधी आपण तिच्यावर वाफ धरतो तसा श्वास सोडायला लावतो. हाताला हवा गार लागली तर ओठ आवळले गेले आहेत आणि घसा बंद आहे असे समजावे. ती ऊबदार, रुंद आणि शेवटपर्यंत एकसारखी लागली की त्या मुलाच्या हाती वाद्य द्यायला हरकत नाही. शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रात 1944 ते 1988 या काळात ट्यूबा वाजवणारे आर्नल्ड जेकब्ज हे जगभरच्या पितळी वादकांचे गुरू मानले जातात. त्यांच्या फुप्फुसांची क्षमता सर्वसाधारण माणसापेक्षा कमी होती. हवा किती आहे यापेक्षा ती कशी वाहते, आणि वाहताना वादकाच्या मनात कोणता स्वर गातो आहे, यावर त्यांच्या शिकवण्याचा सगळा भर होता.

दुसरी गोष्ट चालीची. कूच साधारणपणे मिनिटाला 120 पावलांचे असते, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक पाऊल. बेसचा स्वर पावलावर पडतो आणि हॉर्नचा दोन पावलांच्या मधल्या जागेत. बहुतेक कूचगीतांत आम्ही डाव्या पावलाला षड्ज आणि उजव्या पावलाला खालचा पंचम देत असतो, मग चाल कोणतीही असो. लेकीच्या सरांनी ‘ती घाई करत नाही’ हे जे पाहिले आहे, ते जाणत्या माणसाने पाहिले आहे. वरची चाल वाजवणारे मूल थोडे पुढे पळाले तर त्याचे त्यालाच कळते आणि ते परत येते. बेस पळाला की सगळा बँड पळतो, आणि त्याला परत आणणारे कोणी उरत नाही.

इथे एक बारकावा आहे. साडेपाच मीटर लांबीच्या नळीत खालचा स्वर उभा राहायला क्षणभर जास्त लागतो. त्यामुळे पावलाबरोबर ओठ हलवणारा वादक ऐकणाऱ्याला नेहमी मागे पडलेला वाटतो. चांगला वादक पाऊल पडण्याच्या किंचित आधी श्वास सोडतो. हे शब्दांनी शिकवता येत नाही. महिनाभर परेड मैदानावर चालत वाजवले की अंगात मुरते.

सदाशिव_तंबोरा

खडकीकर काकांचे ‘षड्ज आणि खालचा पंचम’ हे वाचून राहवले नाही, म्हणून लिहीत आहे. मी कंठसंगीत शिकले आणि बरीच वर्षे मैफिलींत तंबोऱ्यावर साथ केली. तंबोऱ्याच्या तारा पंचम, षड्ज, षड्ज आणि खर्ज अशाच लावलेल्या असतात. म्हणजे तुमचा बेसवादक पायांनी चालत आणि तोंडाने फुंकत जे करतो, ते आम्ही बोटांनी तारा छेडत करतो. सवाई गंधर्व महोत्सवात गवयाच्या मागे दोन तंबोरे असतात. श्रोत्यांची नजर त्यांच्यावर क्वचितच जाते, परंतु एक तार अर्ध्या श्रुतीने उतरली तरी गवई मान वळवतो.

माझ्या भाच्याने दोन वर्षे त्याच्या शाळेत ट्यूबा वाजवला आणि त्याचा घरचा रियाज माझ्यासमोर होत असे. ट्यूबाची एकही कळ न दाबता निघणारा मोकळा षड्ज म्हणजे आपला काळी पाचचा स्वर. मी मोबाईलवरचा तंबोरा काळी पाचवर लावून देत असे. पहिल्या आठवड्यात तो स्वर धरून ठेवी आणि काही सेकंदांत तो डुगडुगू लागे. मग मी त्याला सांगितले की, स्वर काढू नकोस, तंबोऱ्यात मिसळ. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्याने स्वर लावला आणि खोलीत वर कुठेतरी गंधार ऐकू आला. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून खर्जाच्या तारेवर जो स्वयंभू गंधार उमटतो, तोच. तो वाजवता वाजवता थांबला आणि त्याने मला विचारले, “आत्या, हे कोणी वाजवलं?”

हा चमत्कार नाही. मोकळा षड्ज 58 हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्याच्या पाचपट कंपनाचा स्वर 291 च्या जवळ येतो. तो शुद्ध गंधार आहे, पेटीवरच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला. बँडमध्ये कॉर्नेटवाल्यांना गंधार वाजवायचा असतो तेव्हा त्यांनी तो या स्वयंभू गंधारात बसवायचा असतो. तळाचा षड्जच हलता असेल, तर वरच्यांनी बसवायचा कशात?

म्हणून ताई, माझ्या मते अंगकाठी, फुप्फुसे आणि बोटे हे सगळे नंतरचे. आपल्या स्वरातून दुसऱ्याचा स्वर ज्याला ऐकू येतो, तो या वाद्याचा माणूस. तुमच्या लेकीकडून रोज सकाळी दहा मिनिटे खर्जाचा रियाज करून घ्या, गायनात करतात अगदी तसाच.

भांडारकर_रोड

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. त्यांत यंत्राची बाजू जोडतो, कारण शाळेतले वाद्य बेसूर असेल तर मूल स्वतःला दोष देऊ लागते आणि ते होऊ नये असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडच्या शाळांत बहुधा तीन कळांचे ट्यूबा असतात. मधली कळ अर्धा सूर उतरवते, पहिली एक सूर आणि तिसरी दीड सूर. प्रत्येक कळ दाबली की हवा एका जादा नळीतून फिरून येते. अडचण अशी की, या जादा नळ्यांची लांबी मूळ नळीच्या हिशेबाने ठरवलेली असते. पहिली आणि तिसरी कळ एकत्र दाबली की मूळ नळी आधीच लांब झालेली असते, त्यामुळे दुसरी जादा नळी तोकडी पडते आणि स्वर चढा येतो. तिन्ही एकत्र दाबल्या तर तो आणखी चढतो, आणि तो कोणत्याही कानाला खटकतो. चौथी कळ असलेल्या वाद्यात पहिली-तिसरीच्या जोडीऐवजी ती एकटी दाबता येते. इंग्लंडमध्ये 1874 साली डेव्हिड ब्लेकली यांनी तोकडी पडणारी लांबी आपोआप भरून काढणारी रचना केली, पण ती असलेली वाद्ये महाग असतात.

तीन कळांच्या वाद्यावर चांगला वादक डाव्या हाताने पहिल्या कळीची स्लाइड, म्हणजे तिच्या जादा नळीचा सरकणारा भाग, वाजवता वाजवता बाहेर ओढतो. कोणत्या स्वराला किती ओढायची, हे त्याने आपल्या वाद्यापुरते पाठ केलेले असते. शाळकरी मुलांतला फरक मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. नोटेशनमधल्या स्वरासाठी कोणत्या कळा दाबायच्या हे सगळ्यांनाच येते. त्या कळा दाबून आलेला स्वर खरोखर तोच आहे का, हे तपासणारा एखादाच असतो. त्यासाठी स्लाइड मात्र सुटी हवी. आधी शाळेत जाऊन ती हाताने हलते का, ते पाहा. अडकलेली असेल तर जोर लावू नका, मिस्त्रीकडून सोडवून घ्या आणि नंतर आठवड्यातून एकदा ग्रीस लावत जा.

थंडीचेही लक्षात घ्या. जानेवारीतल्या सकाळी मैदानावर वाद्य गार असते आणि गार वाद्याचा स्वर उतरलेला असतो. ट्यूबाचे पितळ जास्त, म्हणून तो तापायलाही सर्वांत जास्त वेळ घेतो. तालीम सातला असेल तर ट्यूबावादकाने पावणेसातला येऊन, आवाज न करता, वाद्यात नुसता ऊबदार श्वास सोडत राहावे.

कॅम्पातली

मी स्वतः आठवी ते दहावी ट्यूबा वाजवला आहे, त्यामुळे ह्या धाग्यावर लिहिण्यावाचून राहू शकत नाही.

आमच्या शाळेत वाद्ये देण्याची पद्धत अशी होती की, वर्गाला उंचीप्रमाणे उभे करायचे आणि रांगेच्या टोकाच्या मुलाला ट्यूबा द्यायचा. त्या मुलाला कोणी विचारले नव्हते. त्याला फुटबॉल खेळायचे होते. वर्षभर तो गाल फुगवून नुसता दणका देत असे आणि सगळे समजत की हे वाद्य असेच वाजते. त्याने ते सोडल्यावर सहा महिने वाद्य कोपऱ्यात पडून होते. मी क्लॅरिनेट वाजवत असे. एका मधल्या सुट्टीत मी माउथपीस तेवढा काढून ओठ थरथरवून पाहिले आणि मग ट्यूबाला लावून फुंकले. स्वर फार लहान आला, पण माझ्या मांडीला आणि बाकाच्या फळीला तो जाणवला. क्लॅरिनेटचा स्वर मला कधी असा अंगाला जाणवला नव्हता. मी त्याच दिवशी बाईंना विचारले. त्यांनी माझ्या उंचीकडे पाहून ‘नाही’ म्हटले, आणि पुढचे तीन आठवडे मी रोज विचारत राहिले.

ताई, हे एवढ्यासाठी सांगितले की, तुमची लेक स्वतः उत्सुक आहे ही या चर्चेतली सर्वांत वजनदार गोष्ट आहे.

आता उंचीबद्दल व्यवहाराचे. बसून वाजवताना मुले माउथपीसपर्यंत पोचण्यासाठी मान वर ताणतात किंवा पाठीचा कणा वाकवतात, आणि दोन्हींमध्ये श्वास अडतो. वाद्य तोंडाशी आले पाहिजे, तोंड वाद्याशी जाता कामा नये. मी सतरंजीची चौपदरी घडी घालून तिच्यावर बसत असे. काही मुलांना उलट वाद्याखाली उशी लागते. लेकीला आरशासमोर डोळे मिटून ताठ बसवा, वाद्य तिच्याजवळ आणा आणि माउथपीस ओठांना आपोआप कुठे लागतो ते पाहा. त्यावरून घडी किती जाड लागेल ते ठरेल. चालताना वाजवायचे असेल तर शाळेकडे सूझाफोन आहे का, हे विचारा. अमेरिकी बँडप्रमुख जॉन फिलिप सूझा यांच्या सूचनेवरून 1890 च्या दशकात तयार झालेला हा प्रकार अंगाभोवती वेढला जातो आणि त्याचे वजन डाव्या खांद्यावर येते. खांद्यावर टॉवेलची घडी ठेवावीच. फायबरचा सूझाफोन पितळेच्या मानाने बराच हलका असतो.

दातांना तारा लावलेल्या असतील तरी घाबरू नका. ट्यूबाचा माउथपीस मोठा असतो, त्याचा दाब ओठांवर पसरतो, त्यामुळे कॉर्नेटपेक्षा त्रास कमी होतो.

प्राध्यापक_औंध

मी थोडा वेगळा सूर लावतो. तंबोरा, पाया, आधार ही सगळी रूपके योग्य आहेत, परंतु तेरा वर्षांच्या मुलीला ‘तू सगळ्यांचा आधार आहेस’ एवढेच सांगत राहिलो, तर दोन वर्षांत ती कंटाळेल. माझ्या मुलाचे तसेच झाले. त्याला शाळेत फक्त षड्ज-पंचम वाजवायला मिळाले आणि त्याने तेवढेच शिकले.

1835 साली बर्लिनमध्ये विल्हेल्म वीप्रेख्त आणि योहान मोरित्झ यांनी पहिल्या बेस ट्यूबाचे पेटंट घेतले. सैनिकी बँडसाठी घडलेल्या या वाद्यासाठी पुढे इंग्लिश संगीतकार व्हॉन विल्यम्स यांनी 1954 साली स्वतंत्र कॉन्चेर्टो (एकल वादक आणि वाद्यवृंद यांची रचना) लिहिला. ट्यूबा गाऊ शकतो, हे शाळेतल्या मुलाला दिसले पाहिजे. म्हणून माझे मत असे की, चांगल्या शालेय ट्यूबावादकाला निदान दहा-बारा चाली पूर्ण वाजवता आल्या पाहिजेत. भूपाळी असो, आरती असो, कोणतेही गाणे असो, त्याने ते आपल्या सप्तकात उतरवून घ्यावे. तुमच्या मुलीला यात एक मोठी सोय आहे. ट्रेबल क्लेफमध्ये (पाश्चात्त्य स्वरलेखनातल्या वरच्या स्वरांच्या पद्धतीत) लिहिलेल्या भागात काळी पाचच्या ट्यूबाच्या कळा कॉर्नेटसारख्याच पडतात, म्हणून तिला येणाऱ्या सगळ्या चाली ती पहिल्याच दिवशी त्याच बोटांनी वाजवू शकेल. त्या दोन सप्तके खाली ऐकू येतील, एवढेच. बेस क्लेफ, म्हणजे खालच्या स्वरांची लेखनपद्धत, पुढच्या वर्षी शिकावा, पण शिकावा हे नक्की, कारण वाद्यवृंदातले लेखन त्यातच असते.

खडकीकर

प्राध्यापक महोदयांचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे, आणि माझ्या आधीच्या प्रतिसादात ते राहून गेले होते. आमचे बँडमास्टर प्रत्येक बेसवादकाला आधी चाल गायला लावत. ज्याला वरची चाल पाठ नाही, त्याला तो खालचा स्वर कशासाठी देतो आहे हे कळत नाही. विसर्जनाच्या दिवशी प्रभात किंवा दरबार ब्रास बँड लक्ष्मी रस्त्यावरून जाताना लेकीला घेऊन उभ्या राहा. तिला वरची चाल मनात गायला सांगा आणि कान मात्र खालच्या स्वरांकडे लावायला सांगा. दोन्ही एकाच वेळी जमू लागले की निम्मे शिक्षण झाले.

भांडारकर_रोड

न वाजवण्याबद्दलही एक सांगायला हवे. चेक संगीतकार द्वोर्झाक यांच्या 1893 च्या नवव्या सिंफनीत ट्यूबाला फक्त दुसऱ्या भागात काम आहे, आणि तेही 14 स्वरांचे. बाकीचा सगळा वेळ वादक मात्रा मोजत बसतो. शाळेच्या बँडमध्येही मोठ्या विश्रांतीनंतर शेजाऱ्याकडे न पाहता योग्य मात्रेवर येणारा मुलगा फार मोलाचा असतो.

कोथरूड_शिक्षिका

दहावीचा विषय कोणी काढला नाही, म्हणून लिहिते. मी माध्यमिक शाळेत शिकवते. ट्यूबावादकाची जागा बहुतेक बँडमध्ये एकच असते, त्यामुळे तो गैरहजर राहिला तर त्याचे काम दुसरे कोणी करू शकत नाही. ही जबाबदारी घेताना तालमींचे वेळापत्रक पूर्ण वर्षासाठी लिहून मागा. घरी वाद्य आणणे शक्य नसते, तेव्हा माउथपीस घरी आणायची परवानगी घ्या. माउथपीसवर रोज पंधरा मिनिटे स्वर आणि चाली ओठांनी वाजवल्या, तर नववी-दहावीच्या व्यापातही सराव तुटत नाही. आणि नववीत असतानाच सातवीतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला तिने स्वतः शिकवायला घ्यावे, म्हणजे तुमच्या लेकीच्या वेळी जी जागा रिकामी पडली, तशी पुन्हा पडणार नाही.

पौडरस्ता

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण आधी करून पाहायचे होते.

स्लाइड खरोखरच अडकलेली होती. नाना पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींनी ती गरम पाण्याच्या फडक्याने शेकून सोडवली आणि पैसे घ्यायला तयार नव्हते. सतरंजीच्या सहा घड्या लागतात. चष्म्याच्या काचेवरची वाफ तिने पहिल्या दिवशी धरली, ती चार सेकंद टिकली. काल मी घड्याळ लावून मोजली, ती अकरा सेकंद एकसारखी होती. भूपाळीच्या दोन ओळी ती पूर्ण वाजवते. ह्यांनी त्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून गावी पाठवल्या.

काल सकाळी मी तिच्याबरोबर तालमीला गेले होते. पावणेसातला मैदानावर कोणी नव्हते आणि ती कट्ट्यावर बसून नुसता श्वास सोडत होती. मुले जमल्यावर सरांनी कॉर्नेटवाल्यांना थांबवले आणि तिला एकटीला षड्ज धरायला सांगितला. मग एकेका वाद्याला त्यात यायला लावले. तिसऱ्या कॉर्नेटचा मुलगा चढा लागत होता. त्याने तिच्याकडे पाहिले, स्लाइड थोडी ओढली आणि पुन्हा लावला. सरांनी काहीच न म्हणता पुढच्या मुलाकडे बोट केले.

सासूबाईंनी खांद्यासाठी जुन्या नऊवारीची गोधडीसारखी शिवलेली पट्टी करून दिली आहे. कॅम्पातली ताई, टॉवेलपेक्षा ती बरी बसते, कारण ती घसरत नाही.